अडकून पडण्याचे खेळ

पडद्याच्या वरच्या भागात एक चित्र. बंदरावरची खानावळ, तिचं स्वयंपाकघर, ओट्यावर एक भांडं. खालच्या काळ्या पट्टीत नऊ शब्द: दे, उघड, बंद कर, उचल, बघ, बोल, वापर, ढकल, ओढ. शेजारी आपण आतापर्यंत गोळा केलेल्या वस्तू. आधी शब्दावर क्लिक करायचं, मग चित्रातल्या वस्तूवर. ‘बघ’ आणि ‘भांडं’ असं केलं की नायक त्या भांड्याबद्दल काहीतरी बोलायचा. ‘उचल’ आणि ‘भांडं’ केलं की भांडं आपल्या खिशात. ते कशासाठी उचललं हे तेव्हा अजिबात कळायचं नाही. पुढे कधीतरी सर्कशीच्या तंबूत दोन भाऊ भेटायचे आणि तोफेच्या तोंडी बसून उडायला तयार आहेस का, हेल्मेट आणलंयस का, असं विचारायचे. तेव्हा ते खानावळीतलं भांडं डोक्यावर चढवायचं असतं, हे आपलं आपल्याला सुचावं लागायचं. सुचलं की घरभर आरडाओरडा.

हा खेळ म्हणजे ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’. ‘स्टार वॉर्स’वाल्या जॉर्ज लुकासच्या कंपनीनं तो १९९० साली काढला. या जातीच्या खेळांना पॉइंट अँड क्लिक अ‍ॅडव्हेंचर म्हणतात. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून साधारण दहा वर्षं कॉम्प्युटरवरच्या खेळांत त्यांचा मान सगळ्यात वरचा होता. उत्तम चित्रकार, उत्तम लेखक, उत्तम संगीतकार या खेळांकडे वळत. आणि २००० साल उजाडेपर्यंत हा सगळा प्रकार बाजारातून जवळजवळ नाहीसा झाला.

तो का गेला याची ठरलेली उत्तरं सगळीकडे मिळतात: त्रिमिती आली, बंदुकीचे खेळ आले, लोकांना धीर उरला नाही. त्यात तथ्य आहे, पण मला ती उत्तरं अपुरी वाटतात. हे खेळ एका गोष्टीवर उभे होते, ती म्हणजे अडकून पडणं. त्या अडकण्याला मोल होतं तोवर खेळ टिकले. ते मोल गेलं आणि खेळही गेले. मी हे ठामपणे म्हणते, कारण हे खेळ मी लोअर परळला, डिलाईल रोडवरच्या चाळीत, दहाजणांच्या घोळक्यात बसून पाहिले आणि खेळले आहेत. अडकणं ही तिथे सगळ्यांची मिळून गोष्ट होती.

या प्रकाराची सुरुवात चित्रांशिवाय झाली. अमेरिकेतल्या विल क्राउदर नावाच्या प्रोग्रॅमरला गुहा धुंडाळायचा छंद होता. घटस्फोटानंतर आपल्या लहान मुलींना खेळता यावं म्हणून त्यानं १९७५-७६च्या सुमारास केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या आधारानं नुसत्या शब्दांचा एक खेळ लिहिला. कॉम्प्युटर सांगायचा की तुम्ही अमुक ठिकाणी उभे आहात, आपण टाइप करायचं की उत्तरेला जा, दिवा घे. डॉन वूड्सनं १९७७ साली तो वाढवला. तो पाहून रोबर्टा विल्यम्स या गृहिणीला वाटलं की याला चित्रं हवीत. तिनं नवरा केन याच्याकडून प्रोग्रॅम लिहून घेतला आणि १९८० साली ‘मिस्टरी हाउस’ काढला. त्यातून पुढे सिएरा ही कंपनी उभी राहिली. १९८४च्या ‘किंग्ज क्वेस्ट’मध्ये चित्रातला माणूस चालूही लागला. तरी शब्द टाइपच करावे लागत होते. १९८७ साली रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक यांनी ‘मॅनियाक मॅन्शन’ बनवताना क्रियापदं पडद्यावरच मांडून ठेवली आणि कीबोर्ड जवळजवळ रिकामा केला. नेमका कुठला शब्द टाइप केला की कॉम्प्युटरला समजेल, हा अंदाज करत बसण्याचा छळ संपला.

आमच्यासारख्या मराठी शाळेतल्या मुलांना हा बदल फार मोलाचा होता. स्पेलिंग चुकलं म्हणून खेळ अडत नव्हता. समोर नऊच शब्द, ते दोन दिवसांत पाठ. बाकीची वाक्यं डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायची. जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश मुलांना हे खेळ त्यांच्या भाषेत मिळाले. मराठीत त्यातला एकही आला नाही. आम्ही ते मराठीत बोलून खेळलो.

लोअर परळला नव्वदच्या दशकात घरी कॉम्प्युटर असणं ही मोठी गोष्ट होती. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपानं या भागातल्या घरांची कंबर मोडली होती. कुठल्या गिरणीचा भोंगा वाजत होता, कुठल्या गिरणीला कुलूप होतं, पण आपल्या मुलानं साच्यावर उभं राहू नये हे प्रत्येक घरात ठरून गेलं होतं. ‘कॉम्प्युटर शिक’ हा त्या काळातला परवलीचा शब्द. क्लासच्या पाट्या जिन्याजिन्यावर लागल्या होत्या. मग एखाद्या घरात, भिशीच्या पैशांतून किंवा मामाच्या मदतीनं, लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेला कॉम्प्युटर यायचा. त्याला प्लॅस्टिकचं आवरण, वर आईनं शिवलेला कपडा. चालू करायचा तो अभ्यासासाठी, असं सांगून.

डिलाईल रोडवरच्या, म्हणजेच ना. म. जोशी मार्गावरच्या, बीडीडी चाळींत एक खोली १६० चौरस फुटांची. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातलं ते बांधकाम. त्या खोलीत पलंग, कपाट, मोरी, देवघर आणि आता हा कॉम्प्युटर. त्याच्यासमोर माझ्या मैत्रिणीचा मोठा भाऊ खुर्चीवर, बाकीचे पलंगावर आणि जमिनीवर, दोघं-तिघं दारात. बंदुकीचा खेळ लावला की एक खेळायचा आणि बाकीचे आपली पाळी कधी येते याची वाट बघत बसायचे. मंकी आयलंड लावला की सगळे एकदम खेळायचे. या खेळात घाई नसते. नायकाला उभा करून ठेवला तर तो उभाच राहतो. त्यामुळे माऊस एकाच्या हातात आणि डोकी दहा. ‘अरे दादा, ती खिडकी बघितलीस का?’ ‘कुत्र्याला मांस दे की!’ ‘नुसतं नको रे, त्याला गुंगी येईल असं काहीतरी लाव त्याला.’ ही शेवटची सूचना मैत्रिणीच्या आईची, पोळ्या लाटता लाटता दिलेली. ती बरोबर निघाली. गव्हर्नरच्या वाड्याबाहेरच्या कुत्र्यांना जंगलातल्या एका फुलाची पाकळी लावलेलं मांस द्यायचं असतं.

या खेळाच्या लिखाणातली कारागिरी बघायची तर तलवारबाजीचा भाग घ्यावा. नायकाला समुद्री चाचा व्हायचंय, त्यासाठी तलवार आली पाहिजे. पण गिल्बर्ट, टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांनी बटणं बडवायची तलवारबाजी ठेवली नाही. इथे लढाई टोमण्यांची. समोरचा एक टोमणा मारतो, आपण त्याला चपखल उत्तर दिलं की तो मागे सरतो. उत्तर माहीत नसेल तर हरायचं, पण हरताना त्याचा टोमणा आपल्याला पाठ होतो. मग तो दुसऱ्याला मारून बघायचा आणि तो काय उत्तर देतो ते टिपून ठेवायचं. असं हरत हरत शिकायचं. शेवटी बेटावरची सगळ्यात निष्णात तलवारबाज समोर येते आणि तिचे टोमणे पूर्ण नवे असतात. तेव्हा लक्षात येतं की शिकलेली जुनी उत्तरंच या नव्या टोमण्यांना बेमालूम बसतात. ज्या वस्तीत नळावर शब्दाला शब्द देता येणं हीच खरी तालीम होती, तिथे या भागावर मुलं फिदा झाली यात नवल नाही. आमच्याकडे उत्तरांची वही होती, दोन रकान्यांची.

लुकासच्या कंपनीचा आणि सिएराचा स्वभाव मात्र वेगळा होता. सिएराच्या खेळांत पावलोपावली मरण यायचं. त्याहून वाईट म्हणजे नकळत कायमचं अडकायला व्हायचं. ‘किंग्ज क्वेस्ट’च्या पाचव्या भागात, १९९० सालच्या, एका ठिकाणी मांजर उंदराच्या मागे धावताना दिसतं. त्या क्षणी मांजराला काहीतरी फेकून मारलं नाही तर उंदीर मरतो. खेळ पुढे चालू राहतो, काही बिघडलंय असं वाटत नाही. पुष्कळ पुढे गेल्यावर नायकाला तळघरात दोरानं बांधून टाकतात, आणि तो दोर कुरतडायला तोच उंदीर यायला हवा असतो. नसला की संपलं. जुना सेव्ह केलेला खेळ असेल तर तिथपासून, नाहीतर पहिल्यापासून. गिल्बर्टला हे अन्यायाचं वाटे. १९८९ साली त्यानं या खेळांचे दोष मांडणारा एक सडेतोड लेख लिहिला आणि मंकी आयलंडमध्ये एक नियम पाळला: खेळणारा मरणार नाही, परतीचा रस्ता तुटणार नाही. अडकेल तो फक्त डोकं चालत नाही म्हणून. अडकण्याचे हे दोन प्रकार वेगळे ओळखणं ही त्याची मोठी देणगी, असं मी मानते.

आता हे अडकणं किती दिवसांचं असायचं? आठवडे, कधी महिने. अमेरिकेत त्यावर कंपन्यांचा जोडधंदा चाले. मिनिटाला पैसे लावणारे मदतीचे फोन होते. सिएराच्या सूचनांच्या पुस्तकात उत्तरं अदृश्य शाईत छापलेली असत आणि सोबतच्या खास पेननं घासल्यावरच उमटत, म्हणजे नको ते उत्तर चुकून वाचलं जाऊ नये. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. खेळच मुळात लॅमिंग्टन रोडच्या फूटपाथवरच्या नकली सीडीवर आलेला. खोकं नाही, माहितीपुस्तिका नाही. मंकी आयलंडच्या अस्सल खोक्यात दोन कागदी चकत्या एकावर एक बसवलेलं एक चाक असे. फिरवलं की एका चाच्याचं कपाळ आणि दुसऱ्याची हनुवटी असे चेहरे जुळत. खेळ सुरू होताना पडद्यावर चेहरा दिसे, तो चाकावर जुळवून खिडकीतलं साल टाइप करायचं. नकला रोखायला केलेली ती युक्ती. आमच्या गल्लीत त्या चाकाची झेरॉक्स आली होती, जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर डकवलेली, मधे टाचणी. चेहऱ्यांची झेरॉक्स इतकी काळी की डोळा कुठला आणि पट्टी कुठली ते कळायचं नाही. पण ते चाक हातात असणं हाच एक मान होता.

अडकलो की खेळ बंद व्हायचा, पण डोक्यातून जायचा नाही. शाळेतून येताना, पाण्याच्या रांगेत, गणपतीच्या मंडपात कागदी पताका लावताना कोणीतरी म्हणायचं, ‘ती दोरी अजून वापरलीच नाही आपण.’ मग संध्याकाळी सगळे पुन्हा जमायचे. खेळातला वेळ आणि रस्त्यावरचा वेळ एकमेकांत मिसळलेले असायचे. हे खेळ आठवणाऱ्यांशी बोललं की चित्रं आणि संगीत यांची स्तुती होते, ती रास्तच आहे. पण थोडं खोदलं की निघतं ते हेच: एक प्रश्न मनात घेऊन हिंडण्याचे ते दिवस.

मग उत्तरं फुकट झाली. भारतात विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ला सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. दशकाच्या शेवटी सायबर कॅफे आले. त्याच सुमाराला जगभरच्या खेळाडूंनी प्रत्येक खेळाची पायरी-पायरीनं लिहिलेली पूर्ण उत्तरं इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली होती. आमच्यातल्या एकानं तासाचे पैसे भरून एका खेळाची उत्तरं छापून आणली, कडेला भोकं असलेल्या त्या लांब कागदावर. त्या संध्याकाळी खोलीत दोन तट पडले. निम्म्यांना ओळ वाचून पुढे जायचं होतं, निम्म्यांना कागद फाडून टाकायचा होता. शेवटी वाचायचं ठरलं. तो खेळ रात्रीच्या जेवणाआधी संपला. दुसऱ्या दिवशी कोणी त्याच्याबद्दल बोललं नाही.

त्या रात्रीच्या आटोपण्यात धंद्याचं सगळं गणित आहे. अशा खेळातली उत्तरं माहीत असली तर तो काही तासांत संपतो. बाकीचे आठवडे अडकण्याचे असत. म्हणजे गिऱ्हाईक ज्या वेळासाठी पैसे मोजत होतं त्यातला मोठा हिस्सा त्याच्याच डोक्यातून निघे. तो वेळ वजा केला की उरतो तो छोटा आणि अतिशय महाग खेळ. महाग अशासाठी की त्यातलं प्रत्येक दृश्य हातानं रंगवलेलं, प्रत्येक वस्तूला स्वतंत्र वाक्य, पुढे सीडी आल्यावर त्या प्रत्येक वाक्याला नटाचा आवाज. सिएराच्या १९९५च्या ‘फँटास्मागोरिया’ला खऱ्या नटांच्या चित्रीकरणापायी सात सीडी लागल्या. एवढं सगळं खेळणारा एकदाच बघणार. डिसेंबर १९९३मध्ये आलेल्या ‘डूम’ या बंदुकीच्या खेळात तेच राक्षस आणि त्याच भिंती पुन्हापुन्हा वापरता येत, तोच टप्पा मित्राविरुद्ध शंभरदा खेळता येई, आणि लोक स्वतःच नवे टप्पे बनवून देत. हिशोबनिसाला यात निवड करायला फार वेळ लागत नाही. अ‍ॅडव्हेंचरच्याच जातीचा, १९९३चाच ‘मिस्ट’ साठ लाखांहून अधिक विकला गेला हे खरं, पण त्यातून धंद्यानं धडा घेतला तो देखण्या त्रिमितीचा.

कोडी रचणारेही याच काळात भरकटले. खेळ लांबवायला अडकवलं पाहिजे, आणि न्याय्य कोडी सुचायला वेळ लागतो. १९९९च्या ‘गॅब्रिएल नाइट’च्या तिसऱ्या भागात नायकाला मोटरसायकल भाड्यानं हवी असते. त्यासाठी मित्र असल्याचं सोंग आणायचं. खोटी मिशी बनवायची, ती भोकाला चिकटपट्टी लावून त्यातून जाणाऱ्या मांजराच्या केसांची, आणि पाकानं चिकटवायची. गंमत पुढेच आहे: त्या मित्राला मिशी नाहीच. म्हणून त्याच्या ओळखपत्रावरच्या फोटोलाही पेननं मिशी काढायची. हे कोडं आजही या खेळांच्या मृत्यूचा पुरावा म्हणून दाखवतात. मला ते आधीच जडलेल्या रोगाचं लक्षण वाटतं.

शेवटचा घाव मात्र खेळांच्या गुणदोषांशी संबंध नसलेला होता. विल्यम्स दांपत्यानं सिएरा १९९६ साली सीयूसी नावाच्या कंपनीला विकली होती. १९९८मध्ये सीयूसीच्या हिशोबांतली अफरातफर उघडकीला आली, खेळांचा विभाग एका फ्रेंच कंपनीला विकला गेला, आणि २२ फेब्रुवारी १९९९ला कॅलिफोर्नियातल्या ओकहर्स्ट या छोट्या गावातला सिएराचा मूळ स्टुडिओ बंद झाला. तिथल्या माणसांना लांबच्या वहीतल्या आकड्यांपायी घरी जावं लागलं. असं बंद पडणं काय असतं हे डिलाईल रोडला समजावून सांगावं लागत नाही. त्याआधीच, १९९८मध्ये, शेफरचा ‘ग्रिम फँडँगो’ समीक्षकांनी डोक्यावर घेतला होता आणि दुकानांत पडून राहिला होता. २००४मध्ये लुकासच्या कंपनीनं या जातीचा हाती असलेला शेवटचा खेळही अर्धवट सोडून दिला.

पुढची गोष्ट जपणाऱ्यांची. २००१ साली लुडविग स्ट्रिगेअस आणि व्हिन्सेंट हॅम यांनी ‘स्कमव्हीएम’ लिहायला घेतलं. जुने खेळ नव्या मशीनवर चालवणारं हे फुकट सॉफ्टवेअर. ते हौशी प्रोग्रॅमरांनी आजवर चालू ठेवलंय आणि ते साध्या फोनवरही चालतं. २०१२मध्ये शेफरनं नव्या खेळासाठी लोकांकडे चार लाख डॉलर मागितले. सत्त्याऐंशी हजार माणसांनी मिळून तेहतीस लाखांहून जास्त दिले. २०२२मध्ये गिल्बर्टनं ‘रिटर्न टु मंकी आयलंड’ काढला आणि त्यात सूचनांचं पुस्तक नायकाच्या खिशातच ठेवलं. माणूस अडकला तर बाहेर जाऊन उत्तर शोधणारच, मग ते आतच थोडंथोडं का देऊ नये, हा त्यामागचा शहाणपणा. मी तो मान्य करते आणि तरी मला हळहळ वाटते.

आपल्या बाजूला गोव्यात अरमान संधू यांनी ‘फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्ह’ या नावानं हा धागा उचलला. २०१९चा ‘रेनस्वेप्ट’ ही खुनाच्या तपासाची कथा. २०२१चा ‘फॉरगॉटन फील्ड्स’ मात्र थेट आपल्या किनाऱ्यावरचा: लिखाण अडलेला एक लेखक लहानपणीच्या घरी शेवटच्या गाठीभेटीसाठी जातो. अडकणं आता नायकाकडे गेलंय आणि खेळणाऱ्याला अडवणारं फारसं काही नाही. तो खेळ सरळ पुढे नेतो आणि गोव्यातल्या संध्याकाळचा उजेड त्यात खरा उतरलाय. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा २०२०चा ‘राजी’ मारामारीच्या अंगानं जातो. त्यांनी २०१७मध्ये लोकांकडे पैसे मागितले तेव्हा ठरलेली रक्कम जमली नव्हती. तरी खेळ पुरा झाला, हे नोंदवायला हवं.

आणि ज्याला हे खेळ आज करून बघायचेत त्यानं, विशेषतः लोअर परळच्या माणसानं, ‘बिनीथ अ स्टील स्काय’पासून सुरुवात करावी. इंग्लंडच्या रेव्होल्यूशन कंपनीचा १९९४चा खेळ, चित्रं कॉमिक्सवाल्या डेव्ह गिबन्सची. कंपनीनं तो २००३ साली फुकट करून टाकला, त्यामुळे स्कमव्हीएमवर कायदेशीरपणे चालवता येतो. खेळातल्या शहरात कारखाने आणि कामगार वरच्या मजल्यांवर राहतात, धुरात. श्रीमंत खाली जमिनीवर, जिथे हवा बरी. आपल्याकडे श्रीनिवास मिलच्या जागेवर २८० मीटर उंच मनोरा उभा आहे आणि वर कोण राहतं, खाली कोण, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे नकाशा उलटा, पण शहर ओळखीचं. त्यात पाइपांचा एक कारखाना आहे, रुबाबदार मालक आहे, आणि त्या कारखान्यात काम करणारी अनिता नावाची मुलगी आहे. तिच्याशी बोला. मग मालकाशी बोला, मग पुन्हा तिच्याशी. सगळ्या वस्तूंवर ‘बघ’ करा. सोबत दोन-तीन माणसं बसवा, माऊस एकाकडेच द्या, आणि फोन सगळ्यांचे दुसऱ्या खोलीत ठेवा. पहिल्याच अर्ध्या तासात एका कुलूपबंद दारापाशी सगळे अडकतील. तिथे खेळ बंद करून जेवायला बसा.